वेम्बलीच्या कालव्यावर गळ टाकून

वेम्बली म्हटलं की आपल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. एक स्टेडियम आणि दुसरी ईलिंग रोडवरची भाजी. महिन्यातून एकदा गाडी काढायची, पार्किंगसाठी तीन प्रदक्षिणा घालायच्या, मेथीच्या चार जुड्या, अळूची पानं, आंब्याची एक पेटी आणि जाता जाता गरम जिलबी घेऊन परत फिरायचं. आम्हीही पंधरा वर्षं हेच केलं. त्याच रस्त्यावर, आल्परटन स्टेशनजवळ एक पूल आहे आणि त्या पुलाखाली पाणी आहे, हे आमच्या कधी ध्यानातच आलं नाही. ध्यानात आणून दिलं ते चिरंजीवांनी. वय वर्षं चौदा. एका शनिवारी भाजीच्या पिशव्या सांभाळत ते पुलाच्या कठड्याला टेकले आणि म्हणाले, "बाबा, तो माणूस तासभर नुसता बसलाय. मला पण तसं बसायचंय." मुलगा आपण होऊन बसायचं म्हणतोय, हे ऐकून सौ.नी ताबडतोब परवानगी दिली.

तर हा ग्रँड युनियन कालव्याचा पॅडिंग्टन फाटा. १८०१ साली खुला झाला. बुल्स ब्रिजपासून पॅडिंग्टनपर्यंत साडेतेरा मैल, आणि वाटेत एकही लॉक नाही. सगळं पाणी एका पातळीत. त्या काळी टेकड्यांना वळसे घालत, पातळी न सोडता इतकं लांब खोदकाम करणाऱ्यांना आमच्यासारख्या इंजिनिअरनं नुसता नमस्कार करावा. आल्परटनहून पूर्वेकडे चालत गेलात तर हाच कालवा नॉर्थ सर्क्युलर रोडच्या डोक्यावरून जातो. खाली मोटारींचा लोंढा आणि वर बदकं. पश्चिमेकडे गेलात तर हॉर्सेन्डन टेकडी लागते, आणि तिथे आपण लंडनमध्ये आहोत हे विसरायला होतं. मधल्या मोकळ्या जागांतून स्टेडियमची १३३ मीटर उंच कमान दिसते.

या कालव्याला पाणी पुरवण्यासाठी ब्रेंट नदीवर १८३५ च्या सुमारास धरण बांधलं गेलं. तोच ब्रेंट जलाशय, ज्याला सगळे वेल्श हार्प म्हणतात. काठावर त्या नावाचा एक पब होता, त्यावरून. डॉलिस हिल लेनवरच्या आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या वास्तूपासून तो फार दूर नाही. गणपतीला जाताना आपण त्याच्या बाजूनं कितीदा गेलो असू! तिथे शिडाच्या होड्या आणि पक्षी यांचं राज्य आहे. आमचं काम मात्र कालव्यावर होतं.

काम म्हणजे कार्प. हा मासा आपल्याला परका नाही. रोहू, कटला, मृगळ ही सगळी याचीच भावकी. आणि हा इथला कार्प आपल्याकडे तळ्यांत सोडला गेला तेव्हा आपल्या मच्छीमारांनी त्याचं शास्त्रीय नावच उचललं. सोलापूर-नगरकडच्या मासळीबाजारात 'सायप्रिनस' म्हणून विकला जातो तो हाच. इंग्लंडातही तो मूळचा नव्हे. मध्ययुगात बाहेरून आणलेला, पण १६५३ साली आयझॅक वॉल्टननं त्याला नद्यांची राणी म्हटलं. आपल्यातल्या काहींना इतक्या लवकर मान्यता मिळाली नाही, हा भाग वेगळा!

इथे गळ टाकायचा म्हणजे आधी कागदपत्रं. वयाच्या तेराव्या वर्षापासून रॉड लायसन्स लागतं. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना ते फुकट मिळतं, पण काढावं लागतंच. शिवाय त्या पट्ट्यावर ज्याचा हक्क असेल त्याचं तिकीट वेगळं. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात होड्या वर ओढतात, तसंच. बहुतेक कालव्यांवर ही बंदी २००० सालापासून उठली आहे. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे पकडलेला कार्प परत पाण्यात सोडायचा. घरी न्यायचा नाही.

हा शेवटचा नियम आम्ही आप्पांना सांगितला नव्हता.

आप्पा म्हणजे आमचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. त्या उन्हाळ्यात मालवणहून तीन महिन्यांसाठी आले होते. कालावलच्या खाडीत त्यांची उभी हयात गरवण्यात गेली. हातात काठी नाही, रीळ नाही. बोटाभोवती तंगूस, टोकाला गरी, गरीला कोळंबी, आणि वर शिशाचा एक तुकडा. एवढ्यावर त्यांनी घरात तांबोशा आणल्या. त्यामुळे आम्ही चिरंजीवांसाठी जे सामान गोळा केलं ते पाहून ते चकितच झाले. दोन काठ्या, दोन रिळं, मासा ओढला की वाजणारे भोंगे, सात कप्प्यांची पेटी. "हॉस्पिटलातलो डबो काय रे ह्यो?" त्यांनी विचारलं.

आमिषाचा प्रश्न मात्र ईलिंग रोडनं सोडवला. कार्पला मका आवडतो, पाव आवडतो आणि छोले तर फारच आवडतात. आम्ही पाच किलो काबुली चणे घेतले तेव्हा दुकानातल्या काकांनी विचारलं, "घरे प्रसंग छे?" आम्ही खरं ते सांगितलं की माशांसाठी आहेत. काकांचा चेहरा उजळला. "माछलीने खवडावो छो? बहु पुण्यनुं काम!" असं म्हणून त्यांनी मूठभर चणे वर टाकले. देहूला इंद्रायणीच्या डोहात माशांना चुरमुरे टाकणारी माणसं आम्ही लहानपणी सहलीत पाहिली होती. काकांनी आम्हाला त्याच पंगतीत बसवलं. चण्याच्या शेजारी गळ असतो हे सांगायचं धैर्य आम्हाला झालं नाही.

जाता जाता सांगतो, चणे कच्चे कधीही टाकू नयेत. कार्पला आपल्यासारखं पोट नसतं, घशातल्या दातांनी भरडून तो अन्न सरळ आतड्यात ढकलतो. त्याच्या आत जाऊन चणा फुगला तर त्याला बाधतो. रात्रभर भिजवून, अर्धा तास उकडून, गार करून मगच न्यायचे. सौ.च्या शब्दांत सांगायचं तर, "माशांचे चणे बोटचेपे शिजतात, आणि घरच्यांचे कुकरच्या शिट्ट्यांवर."

आता गळाची मांडणी. इथे आमच्यातला इंजिनिअर जागा झाला आणि घोटाळा झाला. मासिकं आणि कॅटलॉग वाचून चिरंजीवांनी आणि आम्ही मिळून जी पहिली मांडणी केली तिला मोजून अकरा भाग होते. मणी, भिंगऱ्या, नळ्या, कड्या, तीन प्रकारचा दोरा आणि सहा गाठी. त्यातल्या दोन गाठी आम्ही चित्रात बघून मारल्या. शिवाय आम्ही एक 'सुधारणा' केली. शिसं एका प्लॅस्टिकच्या चिमटीत अडकवलेलं असतं आणि त्यावर रबराची टोपी बसते. ही टोपी सैलसर ठेवायची असते, म्हणजे शिसं कुठे अडकलं तर ते सुटून जातं आणि मासा मोकळा होतो. आमचं शिसं दोन दिवस नुसतंच सुटून पडत होतं. एकेका शिशाला पैसे पडतात. आम्ही टोपी गच्च ठोकली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. काम पक्कं झालं म्हणून स्वतःवर खूषही झालो.

जुलैमधला रविवार. आप्पा घडीच्या खुर्चीवर, चिरंजीव गवतात, आम्ही थर्मासपाशी. पलीकडच्या काठाला नांगरलेल्या बोटींच्या सावलीत चणा पडला होता. कालव्यात कार्प असाच कडेकडेनं, झुडपांच्या आणि बोटींच्या आडोशानं फिरतो. साडेसातला भोंगा वाजला, आणि वाजतच राहिला. चिरंजीवांनी काठी उचलली. काठीची कमान झाली. पाण्यात एक तांबूस, परातीएवढी पाठ वळली आणि बोटीखाली गेली. आम्ही "धर, धर" म्हणून ओरडलो. पुढच्या क्षणी काठी सरळ झाली. दोरा हलकाच परत आला. टोकाला कुरळं झालेलं शेपूट होतं. गाठ सुटली होती.

चिरंजीवांच्या डोळ्यांत पाणी. आम्ही "होतं असं" वगैरे म्हणत होतो. आप्पांनी ते शेपूट हातात घेतलं, बोटावर फिरवलं आणि विचारलं, "शिसा सुटला काय?"

आम्ही गप्प.

सुटलं नव्हतं. सुटणारच नव्हतं. तशी व्यवस्था आम्हीच केली होती. म्हणजे तो मासा तोंडात गळ, मागे हातभर दोरा आणि त्यामागे अडीच औंसांचं शिसं ओढत कुठेतरी बोटीखाली फिरत होता. त्या कालव्याच्या तळाशी सायकली आहेत, सुपरमार्केटच्या ढकलगाड्या आहेत. शिसं एखाद्या गाडीच्या जाळीत अडकलं की मासा दाव्याला बांधल्यासारखा तिथेच राहणार. आपण खाल्लाही नाही, सोडलाही नाही. नुसता बांधून ठेवला.

परतीच्या वाटेवर कोणी बोललं नाही. घरी आल्यावर आम्ही आप्पांना तो राहिलेला नियम सांगितला, की मासा मिळाला असता तरी सोडायचाच होता. आम्हाला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "खावक धरलंस तर ती भूक. खेळाक धरलंस तर त्येची काळजी तुकाच."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शाळा भरली. आप्पा मुख्याध्यापक. पहिला धडा, पेटीतलं अर्धं सामान बाहेर काढा. आम्ही कारखान्यात ज्युनिअरना हेच शिकवतो की जितके सांधे तितक्या बिघाडाच्या जागा, आणि साखळी तुटते ती तिच्या सगळ्यात कच्च्या कडीपाशी. नोकरीत शिकवलेलं घरी आठवत नाही, एवढंच. महिनाभराच्या खटाटोपानंतर जी मांडणी उरली ती इथे देतो. कुणाला मुलाबाळांना घेऊन जायचं असेल तर उपयोगी पडेल.

पंधरा पौंडी साधा नायलॉनचा दोरा, रिळापासून भिंगरीपर्यंत एकसंध. मध्ये जोड नाही. त्यावर सरकणारी चिमटी, चिमटीत दोन ते अडीच औंसांचं शिसं, वर सैल टोपी. भिंगरीच्या पुढे वीतभर वेणीचा दोरा आणि आठ नंबरचा गळ. बस्स. या देशात हंस शिशाच्या विषबाधेनं मरू लागले म्हणून १९८७ साली एक औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. त्यामुळे बारीक वजनं दुसऱ्या धातूची घ्यायची, हे ध्यानात ठेवावं.

चणा गळात ओवायचा नाही. गळाच्या मागे एक बारीक शेपटी सोडायची आणि चणा तिला लटकवायचा. कार्प संशयी प्राणी. तो घास आत ओढतो, चाचपतो, आवडला नाही तर फुंकून टाकतो. चण्यात लपलेला गळ त्याच्याबरोबरच बाहेर पडतो, पण चण्याबाहेर मोकळा असलेला गळ खालच्या ओठात रुततो. जड शिशाचा झटका बसला की मासा दचकून पळतो आणि गळ आपोआप पक्का होतो. १९८० च्या सुमारास लेन मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स या दोघांनी ही युक्ती काढली. सुरुवातीला ही शेपटी खऱ्याखुऱ्या केसाची होती म्हणून तिला आजही 'हेअर' म्हणतात. त्याआधीच्या पिढीला हे माहीत नव्हतं. १९५२ साली रिचर्ड वॉकरनं रेडमायर तळ्यात चव्वेचाळीस पौंडांचा कार्प पकडला तो रात्रीच्या काळोखात, गळावर पाव लावून. तो मासा पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात क्लॅरिसा या नावानं कित्येक वर्षं नांदला. तेव्हा सामान कमी म्हणून मासा मिळत नाही, असं कुणी सांगू नये.

गाठी तीनच. पहिली गळाची. हिला इंग्रजीत 'गाठ नसलेली गाठ' म्हणतात आणि ते खरं आहे. दोऱ्याच्या टोकाला चण्यासाठी छोटा फासा करायचा. दुसरं टोक गळाच्या पाठीकडून नेढ्यात ओवायचं. हवी तेवढी शेपटी सोडून ती दांडीला धरायची आणि दोऱ्याचे सात-आठ वेढे दांडीभोवती, शेपटीवरून, एकाला एक लागून घ्यायचे. मग तेच टोक पुन्हा पाठीकडूनच नेढ्यातून काढायचं. दुसरीकडून काढलं तर गळ वाकडा उभा राहतो. आम्ही पहिले चार तसेच बांधले होते.

दुसरी भिंगरीची, पालोमार. दोरा दुहेरी करून नेढ्यातून घ्यायचा, साधी सैल गाठ मारायची, उरलेल्या फाशातून आख्खी भिंगरी पार करायची आणि ओढायचं. शिकायला दोन मिनिटं लागतात.

तिसरी म्हणजे आठच्या आकड्याचा फासा. वीतभर दोऱ्याचं दुसरं टोक भिंगरीला अडकवायला.

आणि तिन्हींना एकच नियम. आवळण्याआधी थुंकी लावायची. नायलॉन कोरडाच आवळला की घासून तापतो आणि तिथेच कच्चा पडतो. आमची जुलैची गाठ कोरडी होती, घाईतली होती, आणि शेपूटही आखूड कापलेलं होतं. म्हणजे तिन्ही गुन्हे. सावकाश ओढायचं, मग हातानं जोर लावून बघायचं, आणि मनात शंका आली की कापून पुन्हा मारायची. आप्पा चिरंजीवांना डोळे मिटून गाठ मारायला लावायचे. "काळोखात मारूक येता ती गाठ खरी." मालवणीचं एक अक्षर न कळणाऱ्या नातवाला हे बरोब्बर कळलं.

ऑगस्टमध्ये आम्ही परत गेलो. दोन रविवार काहीच नाही. तिसऱ्या रविवारी गळ तळाशी कशात तरी गच्च अडकला. काठी खाली ठेवून आम्ही दोरा हाताला रुमाल गुंडाळून सावकाश ताणला. क्षणभर काही हाललं नाही. मग एक बारीकसा टक्क असा झटका, आणि दोरा मोकळा झाला. वर आलं ते गळ, भिंगरी आणि रिकामी चिमटी. शिसं खालीच राहिलं होतं. एक शिसं गमावल्याचा इतका आनंद आम्हाला पूर्वी कधी झाला नव्हता. आप्पांनी रिकामी चिमटी निरखून पाहिली आणि नुसती मान डोलावली.

मासा मिळाला तो सप्टेंबरात, आप्पा मालवणला गेल्यानंतर. त्याच बोटींच्या सावलीत. अकरा पौंडांचा, म्हणजे पाच किलोचा. चिरंजीवांनी घाई केली नाही. मोठ्या जाळ्यात घेतला, ओल्या गादीवर ठेवला, कारण कोरड्या हातानं आणि कोरड्या जमिनीवर त्याचं अंग सोलवटतं. गळ खालच्या ओठाच्या मधोमध. दोन बोटांनी निघाला. आम्ही आधी त्याचं तोंड नीट तपासलं. जुना गळ, जुनी जखम, काही आहे का? नव्हतं. हा तो नव्हे. त्याचं काय झालं ते आम्हाला कधीच कळणार नाही. पाण्यात धरून ठेवला तेव्हा चार-पाच श्वास तसाच राहिला, मग शेपटीचा एक फटका मारून चिरंजीवांचा शर्ट भिजवून गेला.

संध्याकाळी मालवणला फोन लावला. चिरंजीवांनी सगळं साग्रसंगीत सांगितलं. पलीकडून पहिला प्रश्न, "गाठ खंयची मारलंस?" दुसरा, "सोडलंस?" सोडला म्हटल्यावर आप्पा म्हणाले, "बरा केलंस." आणि मग थोडं थांबून, "पाच किलोचो होतो म्हणतास..."

मंडळी, पुढच्या वेळी ईलिंग रोडवर भाजी घेतलीत की पिशव्या गाडीत टाका आणि पाच मिनिटं पुलाखाली उतरा. सामान आणायचं तर थोडंच आणा. आजकालच्या काठ्या कार्बनच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते, तेव्हा डोक्यावर विजेच्या तारा असतील तिथे काठी उभी करू नका. टो-पाथवर काठी आडवी ठेवू नका, सायकलवाले शिव्या देतात, आणि त्या आपल्याला कळतात. चणे शिजवून आणा. आणि दुकानातल्या काकांनी पुण्याची गोष्ट काढलीच तर निदान एवढं तरी खरेपणानं म्हणता यावं, की काका, आमचं शिसं सुटतं.